तासांची वही

उद्यमनगरात, लेथच्या आवाजात
फोन कानाला घट्ट दाबून
मी इंजिनांची वयं विचारते.

"मगदूम काका, गुऱ्हाळावरच्या इंजिनाचे
किती तास झाले आता?"
"चाललंय की झकास. तू कशाला घोर लावून घेतीस?"
चाललंय, ते माहीत आहे.
मी बंद पडायच्या आधीचं विचारते आहे.

वही लांबट, दुधाच्या रतिबाची असते तशी.
डावीकडे इंजिनाचा नंबर, मालक, गाव.
उजवीकडे तास. पेन्सिलीने,
कारण तास रोज खोटे ठरतात.
मुडशिंगीचा बर्फ कारखाना : रिंगा, उन्हाळ्याआधी.
शाहूपुरीतला दवाखाना, जनरेटर : गॅस्केट.
(दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचं.)
आणि आंबा घाटाखाली,
मी कधीच न पाहिलेल्या एका धक्क्यावर,
सोळा बोटी.

आमच्या गावाला समुद्र नाही.
रंकाळा आहे, त्याला इंजिन लागत नाही.
तरी मागच्या खोलीत, पत्र्याच्या रॅकवर
लायनर, नोझल, बेअरिंगच्या वाट्या,
आणि खाऱ्या पाण्याच्या पंपाचे रबरी पंखे,
सहा पाकळ्यांचे, ग्रीस माखून
मेणकागदात निजवलेले.

नेजदार शेठ म्हणतात,
गिऱ्हाईक आल्यावर माल देणं ही दुकानदारी,
त्याच्या आधी आपण पोचणं हा धंदा.
मार्चअखेरीला तेच शेठ
रॅककडे बोट करतात,
"एवढं सगळं कुणाच्या जिवावर मागवलंस?"

मे महिन्यात हसनमियाँ वस्तांना फोन लावला.
'नूर-ए-दर्या', पंपाचा पंखा, नऊशे तास.
"बेटी, पंधरा दिवस राहिलेत सीझनचे.
बंदी लागली, बोट वर ओढली, की बघू."
"पण ते पंधरा दिवस तुम्ही आत असणार ना?"
पलीकडे नुसता वारा.
मग म्हणाले, "डिझेलचे पैसे द्यायचेत अजून."

संध्याकाळच्या एसटीने दोन पंखे पाठवले.
बिल नाही. लागला तर पैसे, नाही तर परत.
खरं सांगायचं तर
टार्गेटला दीड लाख कमी पडत होते,
आणि रात्री झोपही येत नव्हती.
त्यातलं कुणी खोक्यावर पत्ता लिहिला
मला अजून सांगता येत नाही.

मग काहीच झालं नाही.

एवढंच. काहीच झालं नाही.
इंजिन तापलं नाही, बोट वाहवली नाही,
मध्यरात्री कुणी कुणाला हाक मारली नाही.
मोडल्यावर माल विकला तर लोक नाव काढतात,
"वेळेला धावून आली पोरगी."
न मोडलेल्याची आठवण
कोण कशाला ठेवील?

जूनमध्ये तेच खोकं परत आलं, सुतळीने बांधलेलं.
आत एका पंख्याचे पैसे, चुरगळलेल्या नोटांत.
दुसरा पंखा, मेणकागदासकट.
पाव किलो सोडे, ज्यांचा वास
बिलबुकाला दिवाळीपर्यंत येत राहिला.
आणि जुना पंखा, काढलेला. चिठ्ठी नाही.

तौफिकने तो बाकावर दिव्याखाली धरला.
पाच पाकळ्या धड.
सहावीच्या मुळाशी चीर, केसाएवढी.
अंगठ्याने वाकवून बघितली, सोडली,
परत वाकवली.
"ताई, हा अजून वर्षभर चालला असता."
जरा थांबून,
"नाही तर त्या संध्याकाळपर्यंत."

आता तो वहीवर ठेवते,
पंख्याच्या वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून.
छताच्या पंख्याच्या. शेठ हसतात.

'नूर-ए-दर्या'समोरचे नऊशे खोडले,
शून्य लिहिलं.
बाहेर कुणीतरी लोखंड टाकलं, गल्ली हादरली.
मी आवाज ओसरायची वाट बघितली
आणि दवाखान्याचा नंबर फिरवला,
तिसऱ्यांदा.